पोटाले कप्पे नसतात

गेल्या हिवाळ्यात माझ्या मांड्या दुखायला लागल्या. जिना उतरताना कुणी आतून पिळा घालतंय असं वाटायचं. वयाच्या नावावर खपवून मी गप्प बसलो होतो, पण आमच्या कॉलनीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कोलेस्टेरॉलची गोळी तुम्ही रोज घेता ते मला माहीत आहे. तिच्या जोडीला नवीन काही सुरू केलंय का?" केलं होतं. छातीत कफ झाला म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. बाईंनी समजावून सांगितलं, की त्या अँटिबायोटिकमुळे कोलेस्टेरॉलच्या गोळीची शरीरातून बाहेर पडायची वाट अडते, ती रक्तात साचत जाते आणि मग स्नायूंना छळते. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर होती, एकत्र आली आणि बिघडलं.

मला हसू आलं. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला काही पटलेलं दिसत नाही. त्यांना कुठे सांगत बसू, की हीच गोष्ट मी सत्तरच्या दशकात वाशीमला, एका लवंग चघळणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की शेवटी मी कानावर हात ठेवत असे. तेव्हा तर ही गोळी निघालीही नव्हती.

डॉक्टर वासुदेव मोहरील. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि मी नाशिककडून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेलो होतो. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या, भिंतीपलीकडे डॉक्टर स्वतः राहत. संध्याकाळी शाळेतून आलो की दवाखान्याच्या मागच्या दारात बसून मी वह्या तपासायचो. डॉक्टर पेशंट तपासायचे, आणि मध्येच मान वळवून मला काहीबाही विचारायचे. उंच, किंचित वाकलेला माणूस, पांढरा पायजमा, बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेला शर्ट. कुतूहल जागं झालं की त्यांची डावी भुवई वर चढायची. उजवी जागची हलत नसे. त्या भुवईला अख्खं गाव ओळखून होतं.

गावात त्यांना "घेऊन दाखवा डाक्टर" म्हणत. त्याचं कारण असं. औषधाने गुण येत नाही म्हणून कुणी तक्रार घेऊन आला, की दुसरा कुठलाही डॉक्टर औषध बदलतो. मोहरील बदलत नसत. ते पेशंटला बाकावर बसवायचे, माठातलं पाणी पुढे करायचे आणि म्हणायचे, "घरी घेतं तशी माह्यासमोर घेऊन दाखव." पेशंट बुजायचा. गोळी गिळायची ती काय, त्यात दाखवायचं काय? पण डॉक्टर खुर्ची पुढे ओढून असे काही बसत, जणू नाटकाचा पडदा वर जाणार आहे.

रिठदची एक बाई, गोदाबाई, पायाची जखम चिघळली म्हणून यायची. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या, जखम काही भरेना. "घेऊन दाखव," म्हटल्यावर बाईने कॅप्सूल हातात धरली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"काय पायजे?"

"दूध."

"कायले?"

"औषध गरम पडते नं साहेब. दुधाबिगर घेतलं तं आतडं जळते. सासूबाई लेकरायचं दूध मले देऊन राह्यल्या."

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. त्या जातीचं औषध दुधातल्या चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, चिकटून बसतं आणि आतड्यातून रक्तात जातच नाही, हे ते पुस्तकात वाचून होते. पण इंग्रजी औषध उष्ण आणि उष्णावर उतारा दूध, हा हिशेब पुस्तकात कुठून असणार? "तुह्या पोटात त्या दोघांची गळाभेट होते, बाई," ते म्हणाले, "अन् तुह्या वाट्याले काही उरत नाही. दूध लेकरायले दे." मग मला उद्देशून, "मास्तर, पोटाले कप्पे नसतात. लोकायले वाटते, इकडं भाकर, इकडं गोळी, इकडं काढा. आत सगळे एकाच खोलीत राह्यतात." त्यानंतर कितीतरी दिवस ते येईल त्याला दुधाबद्दल विचारत होते. रिठदचं अख्खं गाव कॅप्सूल दुधासोबत घेतं, असा शोध लागल्यावर तर त्यांना इतका आनंद झाला की जेवायचंच विसरले.

ही चौकशी दवाखान्यापुरती असती तर ठीक होतं. लग्नाच्या पंगतीतही त्यांचं लक्ष स्वतःच्या पत्रावळीवर कमी आणि शेजाऱ्याच्या पत्रावळीवर जास्त. किन्हीराजा गावात एका लग्नात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. समोरच्या ओळीत नवरीचे काका बसले होते, त्यांना साखरेचा आजार. डॉक्टर एकदम उठले, वाढप्याच्या हातातल्या ताटातली जिलेबी उचलली आणि त्या काकांच्या तोंडात कोंबली. मांडवात गलका झाला. साखरेच्या पेशंटला डॉक्टरच जिलेबी चारतो म्हणजे काय? काकांच्या कपाळावर घाम डबडबला होता, हात कापत होते, हे फक्त मोहरीलांनी पाहिलं होतं. लग्नात गोड खाता यावं म्हणून काकांनी सकाळी आपली गोळी घेतली, वर तांब्याभर कारल्याचा रस घेतला, आणि मुहूर्त लांबल्यामुळे दुपारपर्यंत पोटात अन्नाचा कण नव्हता. गोळीनेही साखर उतरवली, कारल्यानेही उतरवली. थोड्या वेळाने काका तरतरीत झाले आणि आणखी एक जिलेबी मागू लागले. तेव्हा डॉक्टरांनीच त्यांच्यासमोरून ताट हलवलं, आणि हा माणूस देतो तरी काय नि काढतो तरी काय, म्हणून वऱ्हाडी मंडळी बघत राहिली.

नवीन औषध आलं की ते आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. माझ्याही ठेवायचे. मलेरियाच्या एका गोळीची चव मला अजून आठवते आणि अजून राग येतो. पण खरं सांगू, त्या माणसाचा राग फार वेळ टिकत नसे. मी आयुष्यात इतका निर्मळ चौकस माणूस पाहिला नाही. दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय याचं त्यांना जे अप्रूप होतं, ते माझ्या वर्गातल्या मुलांना आकाशातल्या ताऱ्यांचंही नव्हतं.

फक्त एका माणसाला ते "घेऊन दाखवा" म्हणू शकले नाहीत. त्याचीच ही गोष्ट आहे.

फुलचंदशेठ कापडाचे व्यापारी, डॉक्टरांच्या वडलांचे जिवलग स्नेही. वडील गेल्यावर डॉक्टर त्यांनाच वडलांच्या जागी मानत. त्यांच्या बैठकीत ते पाठ टेकून बसत नसत. शेठ त्यांना अरे-तुरे करायचे आणि डॉक्टर त्यांना काका म्हणायचे. शेठ जैन, आणि तेही नेमाने वागणारे. सकाळी देवळातून पूजा करून आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. त्यांचं हृदय थकलं होतं. हृदयाला जोर देणारी एक गोळी ते रोज घेत. घरात तिला दिलाची गोळी म्हणत. मोहरील दर भेटीत बजावायचे, काहीही होवो, ही चुकवायची नाही.

त्या वर्षी शेठचा पुतण्या त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत आले ते कोलेस्टेरॉल हा नवा शब्द आणि एक परदेशी डबा घेऊन. वाशीमच्या बाजारपेठेत लगेच बातमी पसरली, की शेठच्या रक्तात तूप झालं. डब्यात संत्र्याच्या स्वादाची पावडर होती. ती पाण्यात कालवून प्यायची. ती विरघळत नाही, आतड्यात पित्ताला धरून ठेवते आणि त्याला घेऊन बाहेर पडते, म्हणून मग रक्तातलं कोलेस्टेरॉल पित्त करण्यात खर्ची पडतं, असं डॉक्टरांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. चिमूटभर चाखूनही पाहिली. वाळू आणि संत्र्याची गोळी एकत्र चावल्यासारखी लागते म्हणाले.

पावडर सुरू झाली आणि काही आठवड्यांत शेठच्या पायांवर सूज आली. चालताना दम लागायला लागला. दिलाची गोळी तर चालूच होती. डॉक्टरांची भुवई चढली. "काका, गोळी घेता नं?" शेठ म्हणाले, "रोज." इतर कुणी असतं तर डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला असता. इथे त्यांनी मान डोलावली आणि गोळी वाढवली. थोडं बरं वाटलं, पुन्हा सूज आली, त्यांनी पुन्हा वाढवली. वाटेत मला म्हणायचे, "मास्तर, हे हृदय गोळी मानत काहून नाही?" त्यांना झोप लागत नसे, हे मला भिंतीपलीकडच्या येरझाऱ्यांवरून कळायचं.

पर्युषण आलं. शेठनी एकाशन धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेव्हाच पाणी प्यायचं. एका दुपारी दुकानातला नोकर सायकलवरून धापा टाकत आला. शेठना उलट्या होत होत्या. डॉक्टरांनी पिशवी उचलली आणि मला "चला" म्हणाले. मी का गेलो ते मलाही सांगता येणार नाही.

शेठ पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टरांना बघून क्षीण आवाजात म्हणाले, "वासुदेवा, ह्या सगळ्या चादरी पिवळ्या काहून करून ठेवल्या यायनं?" चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. शेठच्या पत्नी कंचनबाई डोळे पुसत म्हणाल्या, कावीळ झाली आहे, मंगरूळकडे कावीळ उतरवणारा एकजण आहे, त्याला बोलावणं धाडलंय. डॉक्टरांनी शेठच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोळे पांढरे होते. नखं पाहिली. मग नाडी धरली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवई खालीच होती. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"गोळी बंद," ते म्हणाले. नाडी फार मंद होती आणि मधूनमधून ठोका चुकत होता. जग पिवळं दिसणं, उलट्या, मंद नाडी, ही त्या गोळीचं विष चढल्याची खूण होती. पण रोजचीच गोळी एकाएकी विष कशी झाली? डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, नवीन काय घेतलं, कुणी काढा दिला का, कुणी चूर्ण दिलं का. कंचनबाई वैतागल्या.

"अरे, एकाशनात नवीन काय घेतीन? उलटं कमीच केलं. ते पावडर बी बंद आहे."

"पावडर बंद?"

"संत्र्यासारखं गोड लागते ते. परदेशातलं, त्यात काय काय घातलं कोनाले ठाऊक. व्रतात कसं चालीन? पन दिलाची गोळी चुकवली नाही. तूच तं बजावलं होतं."

"अन् पयले दोन्ही कसं घेत होते, काकू?"

कंचनबाईंनी हातानेच दाखवलं. एक पेला. त्यात पावडर. त्यातच दिलाची गोळी चुरडून टाकायची आणि ढवळायची. सकाळी पूजेआधी चालत नाही, पूजेनंतर दुकानाची घाई, आणि सूर्य बुडायच्या आत सगळं उरकायला पाहिजे. म्हणून एकाच पेल्यात सगळं एकदम.

डॉक्टर खाली जमिनीवरच बसले. जे पित्ताला धरून ठेवतं, ते गोळीला का नाही धरणार? पावडर इतके दिवस गोळी गिळून बाहेर नेत होती, म्हणून सूज. ते गोळी वाढवत गेले, पावडर तीही खात गेली. आता व्रतापायी पावडर सुटली आणि वाढवलेली सगळी गोळी सरळ हृदयावर आली. उपासाने अंगातले क्षार उतरले होते, त्याने आणखी भर घातली. रिठदच्या दुधाची गोष्ट सांगत फिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे घडत होतं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, मी जन्मभर लोकायले काय घेतलं ते इचारत आलो. काय सोडलं, ते कधी इचारलंच नाही."

अकोल्याला हलवायची सोय नव्हती, गाडीच्या धक्क्यांत हृदय थांबायची भीती. अंगातले क्षार भरून निघायला पाहिजे होते, म्हणजे फळांचा रस, नारळपाणी, आणि क्षारांचं मिश्रण थोडंथोडं करून सतत. एकाशन मोडायला शेठ कसेबसे तयार झाले, पण सूर्य बुडाल्यावर थेंबही घेणार नाही, यावर ते अडून बसले. मला वाटलं, डॉक्टर आता भांडतील. ते भांडले नाहीत. पलंग खिडकीशी ओढून घेतला, एका हातात नाडी धरली, दुसऱ्या हातात चमचा, आणि खिडकीतून ऊन जसजसं सरकत होतं तसतसे ते चमच्याने पाजत राहिले. उजेड संपला तेव्हा शेठनी हात जोडले आणि ओठ मिटले. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. मी घरी आलो, ते तिथेच थांबले.

पुढचे काही दिवस दवाखान्यात पेशंट येऊन परत जात होते. डॉक्टर आले तरी कुणाला काही विचारत नसत, कागदावर औषध लिहून मोकळे व्हायचे. एकदा मला म्हणाले, "दवाखाना बंद करावा म्हणतो. डोळ्यासमोरचं दिसत नसल तं कायले बसायचं इथं?" मला फार वाईट वाटलं, एवढंच सांगू शकतो.

शेठ मात्र सावरले. एका सकाळी त्यांनी कंचनबाईंना विचारलं, चादर धुतली का गं? त्यांनी धुतली नव्हती.

पर्युषण संपल्यावर जैनांची क्षमावाणी असते. त्या दिवशी लहानमोठे सगळे एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. शेठ नोकराच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत दवाखान्यात आले, आणि खुर्ची सोडून पेशंटच्या बाकावर बसले, खेड्यापाड्यातल्या माणसांमध्ये. हात जोडून म्हणाले, "वासुदेवा, माह्यामुळं तुह्या मनाले तरास झाला असन, त्याची क्षमा."

डॉक्टर उभे राहिले. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्षमा मी मागायची, काका. गोळी मी वाढवली. साऱ्या गावाले घेऊन दाखवा म्हणतो, तुमाले म्हणायची लाज वाटली."

शेठनी त्यांचा हात धरून त्यांना बाकावर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "मले बी कोनी इचारलं नाही म्हनून मी सांगतलं नाही. आता इचार."

त्याच वेळी मोहरीलांची डावी भुवई, कित्येक दिवसांनी, वर चढली. त्यांनी मला हाक मारली आणि वह्या तपासायची लाल शाई मागितली. नोकराला पाठवून शेठच्या घरून डबा आणवला. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात डब्यातली पावडर, वर गोळी म्हणून शाईचे थेंब. ढवळलं आणि ठेवून दिलं. शेठ, बाकावरचे शेतकरी आणि मी, सगळे त्या पेल्याभोवती मुंडकी घालून बसलो. हळूहळू पावडर तळाशी बसली, गुलाबी होऊन. वरचं पाणी नितळ झालं. "हे तं गिळूनच राह्यलं!" शेठ लहान मुलासारखे खूश झाले. अकोल्यात तपासण्या होऊन गोळी पुन्हा सुरू झाली, तेव्हाचा नेमही त्याच बाकावर ठरला. गोळी सकाळी पूजा आटोपल्या आटोपल्या, आणि पावडर सूर्यास्ताआधी, एकटी.

दवाखाना चालू राहिला. प्रश्न मात्र एक वाढला. काय घेतं, हे विचारून झालं की डॉक्टर थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "अन् काय सोडलं?" गंमत अशी की पहिल्या प्रश्नाला लोक घडाघडा उत्तर द्यायचे, दुसऱ्याला गप्प व्हायचे.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी ट्रंक बसस्टँडवर पाठवून मी निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो. आसेगावची एक म्हातारी समोर बसली होती. काही दिवसांपासून डोकं फार दुखतं, गुंगी येते, अशी तिची तक्रार. तपासणीत काही सापडत नव्हतं. गोळी कुठलीच नाही, काढा नाही, चूर्ण नाही. डॉक्टरांनी मला खुणेने बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, "मावशी, अलीकडं काय सोडलं?"

म्हातारी कितीतरी वेळ पदराचं टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, "चहा."

"रोजचा होता?"

"चार-पाच डाव होत होता दिवसाचा. जन्म गेला त्याच्यात."

"मंग काहून सोडला?"

"बुढा गेला नं माहा, गेल्या महिन्यात. दोघायचाच मांडत होतो. एकटीचा कायले मांडू?"

इतक्या वर्षांचा चहा असा एकदम सुटला की डोकं धरतं, हे सांगायला डॉक्टर तोंड उघडत होते, मला दिसलं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. टेबलावरचा औषधं लिहायचा कागद बाजूला सारला, उठून आत गेले आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. माझी बस सुटायची वेळ होत आली होती. मी उठलो, त्यांनी आतूनच बसा म्हटलं, आणि मी बसलो. थोड्या वेळाने ते तीन कप घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. तिसऱ्यातला चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर घातली आणि ती बशी म्हातारीच्या हातात दिली.

"घे मावशी," ते म्हणाले. "तिघायचा मांडला."